सातव्या मशिदीतल्या ओल्या टाचा

१

मशिदीची दिशा ठरवण्याचं काम तसं रुक्ष आहे. वर्षात दोन दिवस असे येतात, की एका ठरावीक घटकेला सूर्य बरोबर मक्केच्या डोक्यावर असतो. त्या वेळी आमच्याकडे दुपार कललेली असते. सपाट जागेवर ओळंबा लावून काठी उभी करायची, सावली पडली की तिच्यावर दोरी ताणायची आणि दोन खुंट्या मारायच्या. सावलीच्या नेमक्या उलट दिशेला मक्का. तोच किब्ला. त्याच दिशेला तोंड करून नमाज पढायचा असतो. ढग आलेच तर ग्रंथ काढून आकडेमोड करता येते. पण ग्रंथ नकलणारा चुकतो, सावली चुकत नाही.

जहांगीरनगरात मी सव्वीस वर्षं मुनज्जिम, म्हणजे सूर्य-तारे मोजणारा, म्हणून हे काम केलं. त्यातली शेवटची सात सुभेदार फरखुंदा खानांच्या अमदानीत गेली. नवाबसाहेबांना मशिदी बांधण्याची भारी हौस. पूल मागणाऱ्याचा अर्ज वर्षभर धूळ खात पडे, पण मशीद म्हटलं की आठवड्याच्या आत विटांच्या होड्या घाटाला लागत. सात वर्षांत सात मशिदी झाल्या. सातही मशिदींचे किब्ले मी काढले. मी ताणलेल्या दोरीकडे बघून शहर माथा टेकतं, याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू?

सातवी मशीद विटांच्या घाटावर होती. तीन घुमट, पुढे अंगण, डाव्या हाताला तलाव. उद्घाटन व्हायचं होतं, पण कामावरचे चाळीस-पन्नास लोक दुपारचा नमाज आतच पढायचे. तलावावर हातपाय धुऊन ओल्या पायांनी यायचे आणि चुन्याच्या नव्या जमिनीवर कोरलेल्या रेघांना टाचा लावून उभे राहायचे. त्या रेघा कोरबानच्या हातच्या. कोरबान म्हणजे माझ्या वारलेल्या बायकोचा धाकटा भाऊ, शहरातला अव्वल राजमिस्त्री. मला दुलाभाई म्हणायचा. त्याने घोटलेल्या जमिनीवर मोहरीचा दाणा ठेवला तर तो घरंगळत नसे.

माझा उजवा गुडघा कामातून गेलेला. मी सगळ्यांच्या मागे, शेवटच्या खांबाजवळ लाकडी चौकीवर बसून नमाज पढतो. त्या दिवशी नमाज संपवताना मी उजवीकडे मान वळवून सलाम केला, डावीकडे केला आणि पुढे पाहिलं. माणसं अजून गुडघ्यांवर बसलेली होती. त्यांच्या पायांशी, उभं राहताना उमटलेले ओले ठसे वाळत होते. ठसे सगळे सरळ, समोरच्या भिंतीत किब्ला दाखवणाऱ्या कोनाड्याकडे, मिहराबकडे. माणसं मात्र सगळी किंचित डावीकडे वळलेली होती.

सगळी, आणि सारखीच.

२

माझ्याआधी ते इमामाने पाहिलं होतं. मौलवी शिहाबुद्दीन तरुण, तापट आणि नव्या नोकरीचा. सलामानंतर लोकांकडे वळून बसलं की त्याला समोर चेहरे दिसायला हवेत. त्याला रोज उजवे खांदे दिसत होते. त्याने लोकांना झापलं. मग रेघांना दोष दिला. मग सरळ इमारतींच्या दारोग्याकडे जाऊन तक्रार केली.

दारोगा तहव्वुर बेग मला आणि कोरबानला अंगणात उभं करून म्हणाला, "चूक दोनच ठिकाणी असू शकते. दोरीत नाहीतर जमिनीत. पुढच्या जुम्म्याला नवाबसाहेब स्वतः इथे नमाजाला येणार. त्याआधी मुनज्जिमसाहेबांनी त्यांच्यासमोर हजर होऊन सांगावं."

"आणि सांगितल्यावर?" कोरबानने विचारलं.

"दोरी चुकली असेल तर शहराचा किब्ला चुकवल्याचा जाब मुनज्जिमसाहेब देतील. जमीन चुकली असेल तर तुझे हात."

"दोन्ही?"

"नवाबसाहेबांची मर्जी."

हे बोलणं धमकावण्यापुरतं नव्हतं. चौथ्या मशिदीच्या घुमटाला तडा गेला तेव्हा वीट भाजणाऱ्याची बोटं मोडली होती. तो आता घाटावर होड्यांना नुसत्या हाका घालतो.

दारोगा गेल्यावर कोरबान माझ्या शेजारी पायरीवर बसला. पान काढून अर्धं मला दिलं.

"दुलाभाई, तुम्ही काय सांगणार ते मला आत्ताच सांगून ठेवा. म्हणजे मी डाव्या हाताने जेवायची सवय करतो."

"डावाही जाऊ शकतो म्हणाला ना."

"मग तुम्ही भरवा. आपांना तर रोज भरवायचात शेवटी."

माझी बायको शेवटचे सहा महिने अंथरुणाला खिळून होती. त्या सहा महिन्यांत रोज संध्याकाळी काम सोडून येऊन कोरबानने तिचं अंथरूण बदललं, तिला उचलून उन्हात बसवलं. मला ते गुडघ्यामुळे जमत नव्हतं. त्याच्या हातांना काही होऊ द्यायचं नाही, एवढं मी त्या पायरीवर ठरवलं. फक्त ते कसं, हे मला माहीत नव्हतं.

३

मी आधी स्वतःवर संशय घेतला. तेच शहाणपणाचं असतं. खुंट्यांमधली दोरी पुन्हा ताणली. पुढची सावलीची घटका दीड महिन्यावर होती, म्हणून रात्रीच्या ताऱ्यांवरून काढलेला जुना हिशेब तपासला. दोरी केसभरही ढळली नव्हती. मिहराब दोरीला धरून. रेघा मिहराबला काटकोनात. कोरबानची जमीन पाणी ओतून पाहिली. पाणी चहूकडे सारखं पसरलं.

मग मी माणसांवर संशय घेतला. तलाव डावीकडे आहे, तिकडून वारा येतो, वाऱ्याकडे माणूस वळतो. डावीकडच्या कमानी दोन दिवस चटयांनी बंद केल्या. माणसं तेवढीच वळली.

तिसऱ्या दिवशी मी चार गवंडी निवडले आणि त्यांच्या सतरंज्यांचे कोपरे चुन्यात खिळे मारून पक्के केले. त्यांना कारण सांगितलं नाही. नमाज सुरू झाला. मी बाजूच्या कमानीतून बघत होतो. उभं असताना सगळे सरळ. वाकताना सरळ. माथा टेकून उठताना प्रत्येकजण पाऊल उचलून ठेवी, जसा कुणीही ठेवतो, आणि ते एक बोटभर डावीकडे पडे. पुढच्या वेळी आणखी एक बोट. कुणी दचकत नव्हतं, कुणी शेजाऱ्याला धक्का देत नव्हतं. सगळ्यांची पावलं एकाच वेळी पडत होती. चौथ्या रकातीनंतर, म्हणजे उभं राहून माथा टेकण्याच्या चौथ्या फेरीनंतर, चारही गवंड्यांचे गुडघे सतरंजीबाहेर चुन्यावर होते.

"सतरंजी कुठे गेली तुमची?" मी एकाला नंतर विचारलं.

त्याने खाली बघितलं. "ही काय इथे. तुम्ही सरकवलीत वाटतं?"

त्याला खरंच काही कळलं नव्हतं. नमाजात नजर माथा टेकायच्या जागेवर ठेवायची असते, इकडेतिकडे बघायचं नसतं. शेजारी तुमच्यासारखाच उभा असेल तर आपण वाकडे आहोत हे कळायचं कसं?

मी माझ्या चौकीवर जाऊन बसलो. माझं डोकं ठिकाणावर आहे, मी तरी जागचा हललो नाही, असं मनाला समजावत होतो. उठताना काठी खाली पडली म्हणून वाकलो, तेव्हा चौकीच्या पायांशी चुन्यावर ओरखडे दिसले. चार पाय, चार ओरखडे. चारही डावीकडे वाकलेले.

मला भीती वाटली, ती तेव्हा पहिल्यांदा.

४

इतर सहा मशिदींत कुणी तक्रार केली नव्हती. पण म्हणून तिथे काही नसेल असं नाही. मी एक लहान होडी, डोंगी, केली आणि तीन दिवसांत सहाही ठिकाणी दुपारचा नाहीतर दुपार कलल्यावरचा नमाज बघितला. इमामांना विचारलं. प्रत्येकजण थोडा ओशाळला.

"लोक हल्ली बेशिस्त झालेत हो," एक म्हणाला. "उभं राहायचं वळण राहिलं नाही. मी रोज ओरडतो."

"कधीपासून?"

"मशीद उघडली तेव्हापासूनच. पण आता जरा जास्त."

दुसऱ्याने तर कानावर हात ठेवले. त्याच्या मशिदीत माणसं उजवीकडे वळत होती. ते ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे एकच रोग नाही, जो तो आपापल्या कारणाने वळतोय, असं म्हणता आलं असतं. घरी येऊन मी शहराचा नकाशा पसरला. सात मशिदी टाचणीने टोचल्या आणि प्रत्येक टाचणीपासून, माणसं जिकडे वळत होती त्या दिशेला एक रेघ ओढली.

किल्ला शहराच्या पश्चिम टोकाला आहे. सातही मशिदी त्याच्या पूर्वेला. सातही रेघा किल्ल्यात शिरल्या आणि नदीकडच्या बारादरीत एका ठिकाणी मिळाल्या. तिथे नवाबसाहेब दुपारी बसतात.

मी कागद उलटा घालून ठेवला. किल्ल्यात दुसरं पुष्कळ काही आहे. तोफा आहेत, कैदखाना आहे, एक जुनी विहीर आहे. रेघांना दोन बोटांची चूक धरली तर त्यातल्या कशावरही बोट ठेवता येतं. मी तसं ठेवलंही.

पुढच्याच दिवशी नवाबसाहेब आरमार बघायला नदीने दक्षिणेकडे गेले. दोन दिवस तिकडेच मुक्कामाला होते. त्या दोन दिवसांत घाटावरच्या मशिदीत माणसं नेहमीच्या दुप्पट डावीकडे वळली, आणि उजवीकडे वळणाऱ्या मशिदीतली माणसंही डावीकडे वळली. मी तो कागद काढला आणि नव्या रेघा ओढल्या. त्या आरमाराच्या धक्क्यावर मिळाल्या.

५

बुधवारी दुपारी मला बारादरीत बोलावलं. दारोगा दाराशी थांबला. नवाबसाहेब तक्क्याला टेकून बसले होते. आजारी माणसासारखा चेहरा सुजलेला. पूर्वेकडच्या सगळ्या कमानींना जाड पडदे लावले होते, त्यामुळे नदीचा वारा यायचा तो एकाच बाजूने.

"मुनज्जिम तुराब," ते म्हणाले, "चूक दोरीत की जमिनीत?"

"दोन्हीत नाही, हुजूर."

"मग?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मग रेघा जिथे मिळत होत्या तिथे अंगठा ठेवला आणि अंगठा उचलून स्वतःच्या बैठकीकडे बघितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांना ते आधीपासून माहीत होतं.

"पहिल्या मशिदीच्या वेळी मला काही कळलं नाही," ते म्हणाले. "दुसरी झाली आणि दुपारच्या अजाननंतर छातीवर कोवळं ऊन पडल्यासारखं वाटायला लागलं. तिसरी होईपर्यंत मला ते आवडत होतं, तुराब. नंतर वजन वाटायला लागलं. आता दुपारी जेवण जात नाही. सहा महिने झाले, मी स्वतः नमाज पढलेलो नाही. माथा टेकायला वाकलो की मनात येतं, तिकडे सगळं शहर वाकलंय आणि मध्ये मी आहे. मग मी वाकू कुणाकडे?"

"मग हुजूर, पाचवी, सहावी... पुढच्या का बांधल्या?"

इतकं धिटाईने मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो. ते रागावले नाहीत.

"वाटलं, पुढची तरी नीट होईल."

बाहेर घाटावरून अजान ऐकू आली. त्यांनी दोन्ही हात छातीवर धरले, उलटी आवरताना माणूस धरतो तसे, आणि ती संपेपर्यंत डोळे मिटून बसून राहिले.

"ऐक," ते मग म्हणाले. "जमीन वाकडी आहे असं तू म्हणालास तर मी विश्वास ठेवीन. खुशीने ठेवीन. गवंड्याची चूक असेल तर जमीन उखडता येते, पुन्हा करता येते. मला रात्री झोप लागेल. तुलाही इनाम मिळेल. एका गवंड्याच्या हातांचं काय मोठंसं?"

ते हुकूम देत नव्हते, विनवत होते. शहराचा धनी माझ्याकडे खोटं मागत होता. दिलं असतं तर मी सुटलो असतो; न दिलं तर काय होईल याचा नेम नव्हता. कोरबानने माझ्या बायकोला उचलून उन्हात नेलं, ते मला आठवलं. तेव्हा मी दाराशी काठी टेकून नुसता उभा होतो.

"जमीन सरळ आहे, हुजूर. कोरबानएवढी सरळ जमीन या सुभ्यात कुणाला करता येत नाही. त्याचे हात तोडलेत तर ही गोष्ट थांबणार नाही, आणि मग तुम्हाला तेही कळलेलं असेल."

मीच पुढे बोललो. भीती वाटली की मला हिशेब सुचतात. तो माझा स्वभावच आहे.

"एक उपाय आहे. माणसं तुमच्याकडे वळतात. तुम्ही शहराच्या पश्चिमेला, नेमक्या किब्ल्याच्या रेघेवर असाल, तर तुमच्याकडे वळलेली माणसं किब्ल्याकडेच तोंड करून असतील. जेवढे लांब जाल तेवढी फट कमी."

"किती लांब?"

"मक्केपर्यंत."

ते हसले. त्या चेहऱ्यावर हसू बघून मला वाईट वाटलं. "म्हणजे तू मला हजला पाठवतोयस. माझ्या मौलवींना सात वर्षांत हे सुचलं नाही."

६

बादशहाची परवानगी यायला दोन महिने लागले. उद्घाटन पुढे ढकललं. कोरबानचे हात शाबूत राहिले आणि दारोगा त्याला रस्त्यात सलाम करायला लागला. नवाबसाहेबांच्या होड्या निघाल्या तेव्हा घाटावर गर्दी झाली. लोक रडत होते. मीही रडलो. का ते मला नीट सांगता येणार नाही.

मग रोज दुपारी मी घाटावरच्या मशिदीत जाऊन मोजमाप घेत असे. पहिल्या आठवड्यात रांगा डावीकडून सरळ झाल्या, मग उजवीकडे ढळू लागल्या. ते मी धरलंच होतं. नदी वायव्येकडून येते आणि होड्या नदीनेच जाणार. पाटण्यापर्यंत उजवीकडे, तिथून पुढे रस्त्याने सुरतेकडे जाताना पुन्हा सरळ. मी मुक्कामांची यादी करून भिंतीला लावली होती. त्या यादीप्रमाणे रांगा वळत होत्या. पाटणा आलं. मग रोज एकेक केस कमी होत गेला. तीन महिन्यांनी ओले ठसे आणि गुडघे एका रेघेत आले. मौलवी शिहाबुद्दीनने सलामानंतर वळून पाहिलं आणि मोठ्याने अल्लाचे आभार मानले. सातही मशिदींत तीच गोष्ट. शहरात सुबत्ता आल्यासारखे लोक एकमेकांशी गोड बोलत होते.

"दुलाभाई," कोरबान म्हणाला, "आता ते तिकडेच राहिले तर बरं."

"राहतील. त्यांनाही तिथे बरं वाटत असेल."

त्यानंतर पाचव्या दिवशी पाटण्याचं पत्र आलं. ते पावसात अडकून, भिजून, तीन ठिकाणी फिरून आलं होतं. दारोग्याने मला बोलावून वाचून दाखवलं. नवाब फरखुंदा खान पाटण्यालाच तापाने वारले. पुढचा मुक्काम त्यांनी केलाच नाही. नदीकाठच्या बागेत दफन केलं. तारीख दिली होती.

मी तारीख माझ्या यादीशी ताडून पाहिली. ते वारले त्या दिवशी रांगा पाटण्याकडे होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पुढे सरकल्या होत्या. तिसऱ्याही. बनारस, आग्रा, बुऱ्हाणपूर, सुरत. एकही मुक्काम चुकला नव्हता.

नवाब पाटण्यात पुरले होते. मग तीन महिने सगळं शहर वळत होतं, ते पुढे कोण गेलं त्याच्याकडे?

७

मी ते कुणाला सांगितलं नाही. शंकेची पाल चुकचुकली की मी ती लिहून ठेवतो आणि पुढच्या मोजमापाची वाट बघतो. वाट फार बघावी लागली नाही. आठ दिवसांत रांगा पुन्हा ढळल्या. जाताना केसाने जात होत्या, आता बोटाने. आधी सातही रेघा समांतर होत्या, म्हणजे जे काही होतं ते फार दूर होतं. मग त्या एकमेकींकडे झुकू लागल्या. एका दुपारी त्या कागदाच्या कडेच्या आत मिळाल्या, नदीच्या वळणाजवळ. दुसऱ्या दुपारी किल्ल्यात. बारादरी रिकामी होती. नवा सुभेदार अजून यायचा होता.

तिथे त्या थांबल्या नाहीत.

रेघा मिळण्याची जागा किल्ल्याच्या पूर्वेला, शहराच्या आत शिरल्यावर गवगवा झाला. किल्ल्याजवळच्या दोन मशिदींत इमामांनी सलामानंतर मागे वळून पाहिलं, तेव्हा त्यांना सगळ्या पाठी दिसल्या. एक इमाम त्याच दिवशी गाव सोडून गेला. दुसऱ्याने मशिदीला कुलूप लावलं. लोक घरीच नमाज पढू लागले आणि एकमेकांची नजर चुकवू लागले.

काल रेघा माझ्या गल्लीच्या तोंडाशी मिळाल्या. एवढ्या लहान अंतरात हाताची थरथरही चूक करते. नकाशावर गल्ली म्हणजे नखाएवढी. गल्लीत चौदा घरं आहेत.

आज कोरबान जेवायला आला. हिलसा घेऊन आला होता, स्वतःच साफ केला, मोहरी वाटून शिजवला. माझ्या हातचं त्याला आवडत नाही.

"तुम्ही माशाला शिक्षा करता, दुलाभाई," तो म्हणाला. "त्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

जेवण झालं, गप्पा झाल्या, ऊन कललं. दूरच्या मशिदीची अजान झाली. ती नवाबसाहेबांच्या आधीपासूनची, जुनी मशीद. कोरबान जायला उठला.

"इथेच पढ," मी म्हणालो.

"का? तिथपर्यंत जातो की. पाय मोकळे होतील."

"माझ्यासाठी पढ."

मला बघायचं होतं. ही नवाबाची जमीन नव्हती, नवाबाच्या विटा नव्हत्या. माझ्या घरची शेणाने सारवलेली ओसरी होती. इथे तो सरळ राहिला, तर दोष त्या सात इमारतींत होता आणि त्या पाडून टाकता येतील. दिशा मी स्वतः दोरीने आखून दिली, तिच्यावर सतरंजी घातली. मी डाव्या बाजूला भिंतीशी माझ्या चौकीवर बसलो आणि पाय जमिनीला घट्ट रोवले.

कोरबान उभा राहिला. मला त्याचा डावा कान दिसत होता, पांढऱ्या केसांची एक बट त्याच्यामागे. तो वाकला, उठला, माथा टेकला, उठला. त्याने पाऊल उचलून ठेवलं. आता नाकाचं टोक दिसत होतं. ओसरीवर माशी घोंगावत होती, शेजारी कुणीतरी विहिरीत घागर सोडली. मी माझ्या चौकीच्या पायांकडे बघितलं. ते जागच्या जागी होते. माझे पायही.

दुसऱ्या रकातीनंतर मला त्याचा एक डोळा दिसला. तो खाली होता, माथा टेकायच्या जागेवर. मी उठून बाजूला व्हायला हवं होतं. उठलोही, काठी धरून चार पावलं दाराच्या चौकटीपर्यंत गेलो. माथा टेकून तो उठला तेव्हा तोंड चौकटीकडे होतं. मी परत येऊन चौकीवर बसलो. तो परत आला.

चौथ्या वेळी त्याने माथा टेकला तो माझ्या पायांपासून हातभर अंतरावर. त्याची बोटं जमिनीवर पसरलेली होती, चुन्याने भेगाळलेली, दहाच्या दहा. मी ती मोजली. मला रडू आलं. मी हलू शकलो नाही.

त्याने उजवीकडे सलाम केला. डावीकडे केला. मग मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं, आणि तो प्रसन्न दिसत होता.

"अरे, तुम्ही कधी इकडे समोर येऊन बसलात?"

"तिकडे ऊन यायला लागलं," मी म्हणालो.

"बरं केलंत." तो सतरंजी शोधत इकडेतिकडे बघू लागला; ती त्याच्या मागे पडली होती, त्याने लक्ष दिलं नाही. "किती दिवसांनी नमाजात मन लागलं, दुलाभाई. उद्या पोरांनाही घेऊन येतो. गल्लीतलेही विचारत होते, तुमच्याकडे जागा आहे का म्हणून."